सावईवेऱ्याच्या घरातलं गरम पाणी: चवथीपूर्वीच्या प्रकल्प नोंदी

१९ जुलै २०२५, शनिवार

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, सावईवेऱ्याचं, आमचं मूळ घर. पुढचा भाग जुना, चिऱ्यांचा, मध्ये चौक. मागं काही वर्षांपूर्वी स्लॅब घालून स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या काढल्या, तेव्हा स्लॅबवर ३०० लिटरचा सोलर बसवला. काचेच्या नळ्यांचा, ५८ मिलिमीटर जाडीच्या आणि १८०० मिलिमीटर लांबीच्या. टाकी प्रेशरची नाही. शेजारी लोखंडी स्टँडवर थंड पाण्याची टाकी, तिचं पाणी उतारानं सोलरमध्ये येतं. ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीतच तीन किलोवॅटची कॉईल आहे. ती एक डिजिटल कंट्रोलर आणि एक टायमर मिळून चालवतात. पुढच्या न्हाणीपर्यंत पाईप लांब असल्यामुळे पाणी फिरवत ठेवणारा छोटा पंपही आहे.

तक्रारी घरच्यांच्या शब्दांत लिहून ठेवतो. दुरुस्तीत तोच पहिला दस्तऐवज.

काकी म्हणते, पहाटे पाणी कोमट, आणि दहा वाजता कुणाला नको असतं तेव्हा कढत. वरच्या खोलीतला चुलतभाऊ म्हणतो, डिस्प्लेवर ६० दिसतं पण अंगावर घेतलं तर गार. आजीच्या न्हाणीत, म्हणजे पुढच्या बाजूला, गरम पाणी कधी पोचतच नाही. पाऊस लागला की मेन बोर्डातली आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडते. आणि स्लॅबवर सोलरच्या व्हेंट पाईपमधून (हवा जायला वर उघडा ठेवलेला पाईप) रात्रभर पाणी ठिबकतं, तिथं शेवाळ धरलंय.

आतापर्यंत वेगवेगळे मिस्त्री येऊन गेले. एकानं कॉईल बदलली, एकानं कंट्रोलर बदलला, एकानं तर आरसीसीबी काढून साधी एमसीबी टाकायचा सल्ला दिला, जी फक्त जादा प्रवाहावर पडते, गळतीवर नाही. तो कुणी ऐकला नाही हे या घराचं नशीब. न्हाणीघरात ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या आणि विजेच्या मध्ये तेवढं एकच यंत्र आहे. ते पडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय, आणि ते काय सांगतंय ते ऐकायचं सोडून त्याचं तोंड बांधायचं हे मला पटत नाही.

ठरवलं ते असं. आकडा हाती आल्याशिवाय एकही सुटा भाग विकत आणायचा नाही. ‘पाणी तापव’ हा निरोप सेन्सरपासून कॉईलपर्यंत जातो, आणि तापलेलं पाणी टाकीपासून नळापर्यंत येतं. या दोन वाटा वेगळ्या तपासायच्या. मुदत गणेश चवथीची, २७ ऑगस्ट.

२० जुलै, रविवार

सकाळ नुसती पाईपमागं फिरण्यात घालवली आणि नकाशा काढला. कुठला वॉल्व्ह कशाचा, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता प्रत्येकाला ॲल्युमिनियमचा बिल्ला बांधलाय.

पहिला धागा टायमरपाशीच हाती लागला. तो जुन्या पद्धतीचा, फिरत्या चकतीचा, आत बॅटरी नाही. पहाटे चार ते सहा कॉईल चालू, असं त्यावर लावलेलं आहे. पण चकती प्रत्यक्ष वेळेच्या साडेपाच तास मागं होती. लाईट गेली की चकती थांबते, आली की जिथं थांबली तिथून पुढं चालते. यंदा पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि प्रत्येक वीज जाण्यानं ती थोडी थोडी मागं सरकत गेली. म्हणजे पहाटे चारची वेळ साडेनऊला उगवत होती. काकीचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

चकती जुळवली. पावसाळ्यात घड्याळावर विसंबणारं नियंत्रण टिकणार नाही, तेव्हा बॅटरी असलेला डिजिटल टायमर लागेल. ही खरेदी मात्र आकड्यावरून ठरली.

सोलरबद्दल एक गोष्ट घरच्यांना सांगायला हवी होती ती दुपारी सांगितली. पावसाळ्यात सोलर तापत नाही त्याला ढग हे मोठं कारण, पण एकटं नाही. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर. मेच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या दहा तारखेच्या सुमारास परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. आपल्या नळ्या दक्षिणेकडे तोंड करून कललेल्या. म्हणजे मधले तीन महिने दुपारचा सूर्य त्यांच्या पाठीशी असतो. हिवाळ्यात जास्त पाणी तापावं म्हणून तो कल दिलेला असतो, आणि ते योग्यच आहे. पण जून-जुलैमध्ये कॉईलशिवाय या घराचं भागणार नाही, हे धरूनच चालायचं.

२६ जुलै, शनिवार

टायमर जुळवूनही पहाटेचं पाणी कोमटच. आज पाण्याची वाट.

व्हेंट पाईपखाली दहा लिटरची बादली ठेवली. घरात एकही नळ चालू नसताना ती अर्ध्या तासात भरली. तासाला वीस लिटर! हे ठिबकणं नव्हे, हा नळ चालू ठेवल्यातला प्रकार. रात्रीच्या आठ तासांत १६० लिटर, म्हणजे निम्म्याहून जास्त टाकी, स्लॅबवर ओतली जाते आणि तेवढंच थंड पाणी आत शिरतं.

पण शिरतं कुठून? थंड टाकीची पातळी व्हेंटच्या तोंडापेक्षा खाली आहे. पाणी आपणहून वर चढत नाही. म्हणजे मागून कुणीतरी ढकलतंय.

चाचणी साधी आहे आणि कुणालाही करता येईल. सोलरच्या टाकीतून घरात उतरणारा गरम पाण्याचा मुख्य वॉल्व्ह आणि पंपानं फिरवलेलं पाणी टाकीकडे परत नेणाऱ्या पाईपवरचा वॉल्व्ह, दोन्ही बंद केले. मग स्वयंपाकघरातला गरम नळ उघडला. पाईपमध्ये साचलेलं पाणी येऊन धार थांबायला हवी. थांबली नाही. गार पाणी जोरात येत राहिलं. टाकीशी संबंध तोडलेल्या पाईपमध्ये पाणी येतंय म्हणजे घरात कुठंतरी थंड लाईन गरम लाईनला जाऊन मिळते आहे.

नळ तसाच चालू ठेवून एकेका न्हाणीतल्या मिक्सरखालचे अँगल कॉक बंद करत गेलो. आजीच्या न्हाणीतले बंद केले, फरक नाही. खालच्या दुसऱ्या न्हाणीतले बंद केले, तरी धार तशीच. वरच्या न्हाणीतला थंड बाजूचा कॉक फिरवला आणि खालून काकीनं हाक दिली, ‘थांबलं रे!’

वरच्या मिक्सरच्या तोंडाला हँड शॉवर जोडलाय आणि तो बंद करायला त्याच्या मुठीतच खटका आहे. आंघोळ झाली की खटका दाबून ठेवतात, पण मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच राहतात. बाहेर जायला वाट नाही, आत मात्र थंड आणि गरम एकमेकांना खुले. दोन्हींचा दाब सारखा असता तर एवढं बिघडलं नसतं. पण गेल्या वर्षी वरच्या शॉवरला जोर हवा म्हणून थंड लाईनवर प्रेशर पंप बसवला, आणि गरम लाईन उतारावरचीच राहिली. जिथं दाब जास्त तिथून पाणी कमी दाबाकडे जाणार. मिक्सरमधून गरम लाईनमध्ये, तिथून उलटं वर सोलरच्या टाकीत. टाकीच्या थंड बाजूला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, आहे, त्यामुळे तिकडून परत फिरायला जागा नाही. उरला व्हेंट.

गोव्यातल्या कित्येक घरांत सोलर आधी आला आणि प्रेशर पंप मागाहून. अशा कुठल्याही घरात सोलर ‘नादुरुस्त’ वाटला तर नळ्यांना हात लावण्याआधी ही चाचणी करावी. फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते.

२७ जुलै, रविवार

उपाय दोन होते. एक म्हणजे गरम लाईनलाही तसाच पंप बसवून दोन्ही दाब सारखे करायचे. दुसरा, मिक्सरांना येणारं थंड पाणी प्रेशर पंपावरून काढून वरच्या टाकीच्या उतारावर आणायचं, आणि पंप फक्त फ्लश, वॉशिंग मशीन आणि बागेच्या नळाला ठेवायचा. मी दुसरा निवडला. यंत्र वाढलं की बिघडण्याची जागाही वाढते. चुलतभावाला शॉवरचा जोर गमवावा लागला, तो थोडा हिरमुसला, पण दुपारी व्हेंटखालची कोरडी बादली त्यानंच खाली आणून दाखवली.

शिवाय प्रत्येक मिक्सरच्या गरम आणि थंड अशा दोन्ही जोडांत छोटे एनआरव्ही घातले. उद्या कुणी पुन्हा पंप जोडला तरी पाणी आडवाटेनं जाणार नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

पाणी आता वाया जात नाही, पण आठवडाभर काकीचा निरोप तोच: डिस्प्ले ६० म्हणतो, पाणी ६० नाही.

मेन बंद केलं, टेस्टरनं खात्री करून घेतली, पाऊस उघडल्यावर स्लॅबवर गेलो. टाकीच्या वरच्या भागातून काढलेल्या पाण्यात थर्मामीटर धरला: ४२. मेन बंद करण्याआधी खाली डिस्प्ले: ६०. अठरा अंशांचा फरक हा ‘थोडं इकडंतिकडं’ म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

या कंट्रोलरचा सेन्सर दहा किलोओहमचा एनटीसी आहे. म्हणजे २५ अंशांवर त्याचा रोध दहा किलोओहम आणि तापमान वाढेल तसा रोध कमी होतो. ४२ अंशांना सुमारे ४.९ किलोओहम यायला हवा, ६० अंशांना सुमारे २.५. कंट्रोलरच्या टर्मिनलवरून तारा सोडवून मल्टिमीटर लावला तर अडीचच्या जवळपास. म्हणजे कंट्रोलर खोटं बोलत नव्हता. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो दाखवत होता. त्याला बदलून आधीच्या मिस्त्रीला काही मिळणार नव्हतं.

मग टाकीपाशी सेन्सर केबलपासून वेगळा केला. नुसता सेन्सर: ४.९. म्हणजे सेन्सरही ठीक. राहिली मधली केबल. तिची दोन्ही टोकं मोकळी, दोन तारा एकमेकींना कुठं लागत नाहीत, तेव्हा मीटरनं अनंत दाखवायला हवं. दाखवलं पाच किलोओहम, तेही स्थिर नाही, पाचच्या आसपास डुलणारं.

केबल चाचपत गेलो. सोलरच्या स्टँडच्या पायाशी जोड होता. दोन तारा पिळून वर साधी काळी टेप. टेपचा डिंक वितळून चिकट काळा रस झालेला. उलगडल्यावर आत पाणी, तांब्यावर हिरवा थर, आणि दोन तारांच्या मध्ये त्याच हिरव्या ओल्या मळीचा पूल. तोच पाच किलोओहमचा रोध. ४.९ च्या सेन्सरला पाचचा रोध समांतर जोडला की मिळून अडीच होतो, आणि अडीच म्हणजे कंट्रोलरच्या भाषेत ६० अंश. हिशेब तंतोतंत जुळला. मीटर हातात धरून काम करण्याचं समाधान यातच आहे.

आता पुढचं. याच ओल्या जोडामुळे ३० अंशांच्या अगदी गार पाण्यालाही कंट्रोलर ५४ दाखवणार. कॉईल बंद होण्याचा आकडा ५५, परत चालू होण्याचा ५०. म्हणजे जितका पाऊस जास्त, तितका जोड ओला, आणि तितकं कंट्रोलरला वाटणार की पाणी कढत आहे. ज्या रात्री कॉईलची गरज सर्वांत जास्त त्याच रात्री ती झोपून राहणार. एनटीसी वापरणाऱ्या कुठल्याही यंत्रणेत हे ध्यानात ठेवायला हवं: केबलमध्ये ओल शिरली तर वाचन वरच्या बाजूला चुकतं.

३ ऑगस्ट, रविवार

नवी केबल, टाकीपासून कंट्रोलरपर्यंत अखंड, मध्ये जोड नाही. सेन्सरच्या स्वतःच्या वायरीशी जो जोड करावाच लागतो तो डाग देऊन, आत चिकट डिंक असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी चढवून, तोंड खाली असलेल्या डबीत ठेवला. सेन्सर पॉकेटमध्ये नुसता सैल सोडलेला होता, तो थर्मल पेस्ट लावून तळापर्यंत सारला. आता थर्मामीटर आणि डिस्प्ले यांत अर्ध्या अंशाचा फरक.

कंट्रोलर उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आतला रिले १० अँपियरचा आणि कॉईल त्यावरूनच थेट जोडलेली. तीन किलोवॅटला २३० व्होल्टवर १३ अँपियर लागतात. रिलेचे पॉईंट काळे पडून खड्डे पडले होते. असे पॉईंट एक दिवस चिकटतात आणि मग कंट्रोलरनं ‘बंद’ म्हटलं तरी कॉईल चालूच राहते. २५ अँपियरचा काँटॅक्टर, म्हणजे विजेच्या हुकमावर चालणारा दणकट स्विच, बसवला. रिले आता फक्त काँटॅक्टरला हुकूम देईल, जड प्रवाह काँटॅक्टरमधून. हुकमाच्या वायरीत पाणी मर्यादेबाहेर तापलं तर तोडणारा, हातानं रीसेट करायचा हाय-लिमिट कटआऊटही घातला, त्याचा सेन्सर वेगळा. कंट्रोलरवर अविश्वास म्हणून नव्हे, पण एकाच सेन्सरच्या शब्दावर पाणी तापवायचंही आणि थांबायचंही, हे बरोबर नाही.

संध्याकाळी कॉईल चालू केली. पाऊण तासात आरसीसीबी पडली. परत लावली, परत पडली. पुढच्या शनिवार-रविवारी सुतां पुनव (राखी पौर्णिमा), तेव्हा मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, घेऊन यायला मधे एक आठवडा जाईल. तोवर कॉईलची एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी लावली. आंघोळीचं पाणी गॅसवर.

९ ऑगस्ट, शनिवार

सुतां पुनव. इंग्लंडमधल्या स्विंडनहून चुलत बहिणीचा फोन, राखी पोचली का विचारायला. बोलता बोलता तिनं तिकडचं गाऱ्हाणं सांगितलं: घरातलं गरम पाणी महिनाभर बंद. बॉयलर चांगला आहे म्हणतात, हिवाळाभर काही त्रास नव्हता. काम जरी तिकडचं असलं तरी कोडं इथल्याच जातीचं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

तिकडं एकच गॅस बॉयलर दोन कामं करतो, भिंतीवरच्या रेडिएटरांना गरम पाणी पुरवून घर उबदार ठेवणं आणि सिलिंडरमधलं, म्हणजे साठवण टाकीतलं, आंघोळीचं पाणी तापवणं. तिच्या घरात दोन्ही वाटांवर एकेक मोटारवाला वॉल्व्ह आहे. सिलिंडरच्या थर्मोस्टॅटनं मागणी केली की त्या वाटेवरचा वॉल्व्ह उघडतो. पूर्ण उघडला की त्याच्या आतला एक बारका स्विच दाबला जातो आणि तो स्विच बॉयलरला सांगतो, ‘पेट.’ बॉयलरला थर्मोस्टॅट थेट काही सांगत नाही. वॉल्व्ह उघडल्याची खात्री झाल्याशिवाय बॉयलर पेटू नये म्हणून ही योजना.

मी तिला विचारलं, हीटिंग चालू केलं तर पाणी तापतं का? ऑगस्टमध्ये हीटिंग कोण लावणार, म्हणाली, पण लावून पाहिलं. अर्ध्या तासानं तिचाच फोन: नळाला गरम पाणी!

मग उलगडा झाला. गरम पाण्याचा वॉल्व्ह उघडतो आहे, पण त्याच्या आतला स्विच मेलाय, त्यामुळे बॉयलरला निरोप जात नाही. हिवाळ्यात हीटिंगचा वॉल्व्ह निरोप देतो, बॉयलर पेटतो आणि उघड्या वाटेनं सिलिंडरही तापून निघतो. दोष हिवाळाभर तिथंच होता, शेजारच्या वॉल्व्हच्या आडोशाला. उन्हाळ्यात हीटिंग बंद झालं आणि तो उघडा पडला. एक खूण तिला पाहायला सांगितली: पाण्याची मागणी चालू असताना वॉल्व्हच्या बाजूचा छोटा दांडा बोटानं हलवून बघ. तो सैल लागला, स्प्रिंगचा जोर लागला नाही. म्हणजे मोटारीनं वॉल्व्ह खरंच उघडलाय.

झाकण उघडू नकोस असं मात्र बजावलं. त्यातल्या करड्या वायरीत कायम वीज असते, मागणी असो वा नसो. वायरिंगचं काम तिकडच्या इलेक्ट्रिशियनकडून, आणि बॉयलरला हात लावायची वेळ आली तर गॅस सेफ (तिकडची गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेला माणूसच. पण फोन करताना ‘गरम पाणी येत नाही’ म्हणण्याऐवजी ‘एकट्या पाण्याच्या मागणीवर बॉयलर पेटत नाही, हीटिंगसोबत पेटतो’ एवढं सांग. येणारा माणूस योग्य तो भाग पिशवीत घालूनच येईल.

१६ ऑगस्ट, शनिवार

मेगर आला. कॉईलच्या तारा सोडवल्या. मल्टिमीटरनं कॉईलचा रोध १७.९ ओहम. तीन किलोवॅटला १७.६ च्या आसपास हवा, म्हणजे आतली तार शाबूत. आधीच्या मिस्त्रीनं एवढंच पाहून ‘कॉईल ओके’ म्हटलं असणार. पण तार शाबूत असणं वेगळं आणि ती बाहेरच्या नळीपासून अलग असणं वेगळं. मेगर ५०० व्होल्टवर, एक टोक कॉईलला, एक अर्थला. एक मेगाओहमच्या वर तरी यायला हवं होतं. गार असताना ०.०८. थोडा वेळ तापवून लगेच परत मोजलं: ०.०१ मेगाओहम, म्हणजे दहा किलोओहम. २३० व्होल्टला २३ मिलिअँपियर गळती. तीस मिलिअँपियरची आरसीसीबी पंधरा ते तीसच्या दरम्यान कुठंही पडू शकते. ती आपलं काम चोख करत होती.

आता पावसाशी असलेला संबंधही लागतो. सगळ्यांना वाटायचं, पावसाचं पाणी वायरिंगमध्ये शिरतं म्हणून लाईट पडते. खरं म्हणजे ऊन नसलेल्या दिवशी कधीमधी कॉईल चालू व्हायची आणि तापली की गळायची. ओल्या जोडामुळे ती क्वचितच चालायची, म्हणून आरसीसीबीही अधूनमधूनच पडायची. जोड नीट केला, कॉईल सलग चालू लागली आणि दोष रोजचा झाला. काकीला वाटलं होतं दुरुस्तीनं बिघाड वाढला. तिला हे कागदावर काढून दाखवलं.

टाकी रिकामी करून कॉईल बाहेर काढली. तांब्याच्या नळीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, भोवती हिरवट कडा. मॅग्नेशियमचा रॉड, जो टाकीऐवजी स्वतः झिजायला ठेवलेला असतो, तो पार संपून नुसती मधली लोखंडी काडी उरलेली. कॉईलवर क्षार जवळजवळ नाहीच. घाटापलीकडच्या पठारावर खारट जड पाण्यानं कॉईलवर पांढरे थर बसतात. आपलं चिऱ्याच्या मातीतलं विहिरीचं पाणी त्याच्या उलट: हलकं, क्षार कमी, पण आम्लाकडे झुकलेलं. पट्टी बुडवून पाहिली तर पीएच साडेपाच ते सहाच्या मध्ये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो साडेसहा ते साडेआठ हवा. असं पाणी थर चढवत नाही, धातू खातं. म्हणून इथं ‘डिस्केलिंग’ करून उपयोग नाही, रॉड वेळेवर बदलणं हा पहिला उपाय.

नवी कॉईल इन्कोलॉय या सहजी न गंजणाऱ्या मिश्रधातूच्या नळीची घेतली, नवा रॉड, नवी वॉशरं. जोडल्यावर मेगर: २०० च्या वर. कॉईल दोन तास सलग चालवली. आरसीसीबी हलली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

उरली आजीची न्हाणी. परतीच्या पाईपवरचा एनआरव्ही उघडला, आत तांबडा लोहाचा गाळ भरून झडप उघडीच अडकलेली. त्यामुळे आजीचा नळ उघडला की अर्धं पाणी टाकीच्या वरून, अर्धं परतीच्या वाटेनं टाकीच्या गार तळातून येत होतं. परतीचा वॉल्व्ह बंद करून मोजलं: ४१ वरून ५३. झडप साफ न करता बदलली, आधी गाळणी घातली.

पंप रात्रभर फिरवणं थांबवलं. पंचवीस मीटरच्या पाऊण इंची पाईपमध्ये साडेसहा लिटर पाणी मावतं. तेवढ्यासाठी रात्रभर उष्णता भिंतीत जिरवायची नाही. आजीच्या न्हाणीबाहेर बटण बसवलं. दाबलं की पंप दोन मिनिटं चालतो, परतीचा पाईप ४० अंशांना पोचला तर आधीच थांबतो. घड्याळाची गरजच नाही, त्यामुळे लाईट जाण्याचा प्रश्नही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

चवथीचा हिशेब. घरात अठ्ठावीस माणसं असणार आणि पूजेआधी सगळ्यांच्या आंघोळी. कॉईल टाकीच्या मध्यावर आहे, ती वरचं १५० लिटर पाणी तापवते. २७ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण पाच युनिट, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. त्यानंतर तासाला सुमारे ९० लिटर भर पडते.

अठरा लिटरची बादली ४० अंशांची हवी तर त्यात ५५ चं पाणी साडेआठ लिटरच्या आत लागतं. अठ्ठावीस बादल्यांना २३५ लिटर. पहाटे पाच ते आठ या वेळात हे आरामात बसतं. शॉवरनं मात्र बसत नाही. मिनिटाला आठ लिटरचा शॉवर आठ मिनिटं घेतला तर प्रत्येकी तीस लिटर गरम पाणी, एकूण ८००च्या वर. चवथीचे दिवस बादली, शॉवर बंद. काकीनं फर्मान काढलं, आता कुणाची बिशाद नाही.

टायमर पहाटे तीनला लावला. पाणी नेहमी ५५ वर, पण आठवड्यातून एकदा कंट्रोलर ते ६० च्या वर नेऊन ठेवेल. २० ते ४५ अंशांच्या कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियात त्यांच्यामुळे न्यूमोनियाची साथ आली, तिच्या तपासात पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते पहिल्यांदा ओळखले गेले. महिनोन्‌महिने आपली टाकी याच कोमट पट्ट्यात होती, हे मला सर्वांत जास्त लागलं. मात्र ६० चं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. म्हणून आजीच्या न्हाणीत कमी दाबावर चालणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग वॉल्व्ह (गार पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणारा) बसवला, ४३ अंशांवर. तिथं टाकीपासूनचा उतार पुरेसा आहे, वरच्या न्हाणीत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल पहाटे अडीचला लाईट गेली, सव्वातीनला आली. टायमरची वेळ बिनचूक राहिली, लाईट आल्या आल्या कॉईल चालू झाली. पाचला वरचं पाणी ५४. शेवटची आंघोळ साडेआठला, तेव्हा ४७. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळांपानांचं छत, बांधणारी पोरं आंघोळीला सर्वांत मागून आली, त्यांनाही गरम पाणी मिळालं. व्हेंट कोरडा, आरसीसीबी जागच्या जागी.

बाकी राहिलेली कामं अशी. पॅनेलच्या दाराच्या आत नकाशा आणि मोजलेले आकडे लॅमिनेट करून लावायचे, म्हणजे पुढच्या माणसाला कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागणार नाही. मॅग्नेशियमचा रॉड फेब्रुवारीत काढून किती झिजला ते पाहायचं आणि त्यावरून बदलण्याचा काळ ठरवायचा. अर्थिंग आता छान येतंय, पण ते भिजलेल्या मातीचं मोजमाप. चिऱ्याची जमीन एप्रिलमध्ये हाडासारखी सुकते, खरा आकडा तेव्हा घ्यायचा. सोलरच्या थंड पाण्याच्या वाटेवर चुनखडीच्या खड्यांचा फिल्टर बसवून पीएच सातच्या जवळ आणता येईल. त्यासाठी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत द्यायचंय, बाटल्या काकीकडे ठेवल्यात, पाऊस ओसरला की भरायच्या.